विश्वासाचा कारागीर : संत योहान बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत योहान बॉस्को यांचा सण साजरा करते. आपल्या अनेक चर्चमध्ये त्यांची तसबीर आहे. काळा झगा, चेहऱ्यावर स्मित आणि भोवती मुलांचा घोळका, अशी ती ओळखीची मूर्ती. तरुणांचा मित्र, शाळांचा संस्थापक, सालेशियन संस्थेचा जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु या सणाच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या जीवनाची एक वेगळी बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो. डॉन बॉस्को हे आयुष्यभर कुणाचे ना कुणाचे वरिष्ठ होते. गवंडीकाम करणारी पोरे, शिकाऊ सुतार, कारखान्यांचे मालक, शिक्षक, आचारी, तरुण धर्मगुरू अशा नाना प्रकारच्या माणसांबरोबर त्यांनी काम केले आणि ही माणसे त्यांच्यावर विसंबून राहिली. हा विश्वास त्यांनी कसा मिळवला, तो कशाने टिकला आणि त्यांच्या उतारवयात त्यांच्याच घरात तो कशाने पातळ होऊ लागला, हे पाहण्यासारखे आहे. कारण आपल्यापैकी अनेकजण आज कुठे ना कुठे साहेब आहेत, मुकादम आहेत, मुख्याध्यापक आहेत किंवा निदान एका दुकानाचे मालक तरी आहेत.

दूर उभे राहणारे वरिष्ठ

योहान बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की या वाडीत एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच वडील फ्रांचेस्को वारले. आई मार्गेरिता हिने एकटीने घर सावरले. सावत्र भाऊ आंतोनियो याला योहानचे पुस्तक हातात धरणे खपत नसे. घरातील भांडणे वाढू लागली तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या योहानला घराबाहेर काम शोधायला पाठवले. मोलिया नावाच्या कुटुंबाच्या शेतावर तो गडी म्हणून राहिला. पुढे कास्तेलनुओवो आणि किएरी येथे शिकत असताना त्याने शिंप्याकडे सुई धरली, लोहाराकडे घण मारला, उपाहारगृहात टेबले पुसली. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर अंगावर घेऊन शिकले.

त्या काळातील दोन आठवणी त्यांच्या मनात कायम राहिल्या. लहानपणी रस्त्यात धर्मगुरू दिसले की तो धावत जाऊन नमस्कार करी. ते सभ्यपणे नमस्कार स्वीकारीत आणि पुढे निघून जात. एक शब्दही बोलत नसत. आपण धर्मगुरू झालो तर असे वागणार नाही, मुलांजवळ स्वतःहून जाऊ, असे तो आईला सांगे. पुढे १८३५ साली तो किएरीच्या गुरुविद्यालयात दाखल झाला. तेथील वरिष्ठ चांगले होते, विद्वान होते. परंतु रेक्टरांची भेट वर्षातून दोनदाच व्हायची, सुट्टीवरून परतल्यावर आणि सुट्टीवर निघताना. एरवी बोलावणे आले तर ते कानउघाडणीसाठीच. वरिष्ठ जवळून जाऊ लागले की विद्यार्थी दुसऱ्या वाटेने पांगत. योहानचे त्या वरिष्ठांवर प्रेम होते, म्हणूनच हा दुरावा त्याला बोचत राहिला. याच्या उलट अनुभव त्याला आधीच मिळाला होता. वृद्ध धर्मगुरू कालोस्सो यांनी या निराधार मुलाला जवळ घेतले होते, शिकवले होते. १८३० साली ते अचानक वारले तेव्हा योहान पुन्हा एकदा पोरका झाला. एका माणसाने दाखवलेली जवळीक माणसाला किती उभारी देते आणि तिच्या अभावी मन कसे कोमेजते, हे दोन्ही त्याने विशीच्या आतच अनुभवले होते.

सेक्रिस्तीतील एक सकाळ

५ जून १८४१ रोजी योहान बॉस्को यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील शिक्षणासाठी ते तुरीन शहरात आले. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर जुझेप्पे काफास्सो यांनी त्यांना शहरातील तुरुंगांत नेले. कोवळ्या वयाची मुले गजांआड सडताना पाहून तरुण डॉन बॉस्को हादरले. सुटून गेलेली मुले पुन्हा पुन्हा तेथेच परत येत होती, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कुणी नव्हते.

तुरीन त्या वेळी झपाट्याने वाढत होते. इमारती उठत होत्या, कारखाने उभे राहत होते. डोंगराळ भागातून शेकडो मुले मजुरीसाठी शहरात येत. कुणी गवंड्याच्या हाताखाली चुना वाही, कुणी दगड फोडी, कुणी धुराडी साफ करी. अशाच एका मुलाची गाठ ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये पडली. बार्तोलोमेओ गारेल्ली हा सोळा वर्षांचा गवंडीकाम करणारा अनाथ मुलगा सेक्रिस्तीत येऊन उभा होता. त्याला मिस्साची सेवा करता येत नाही हे कळताच सेक्रिस्तनने त्याला मारून हाकलले. मिस्साच्या तयारीत असलेल्या डॉन बॉस्को यांनी हा आपला मित्र आहे असे सांगून त्याला परत बोलावून घेतले.

मिस्सानंतर त्यांनी त्याची विचारपूस केली. आईवडील नाहीत, लिहिता-वाचता येत नाही, गाता येत नाही. प्रत्येक प्रश्नाला नकार देता देता मुलगा खाली मान घालू लागला. तेव्हा शिट्टी वाजवता येते का, असे डॉन बॉस्को यांनी विचारले आणि तो पोरगा हसला. मग त्यांनी त्याला क्रुसाची खूण शिकवली. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. डॉन बॉस्को यांचे पुढचे सारे कार्य या भेटीतून वाढले. या प्रसंगात आम्हांला एक क्रम दिसतो. आधी त्या मुलाचा अपमान थांबला, मग त्याला हसू आले आणि त्यानंतर शिकवणे सुरू झाले. आपण बहुधा उलट सुरुवात करतो. आधी उणिवा मोजतो आणि जवळीक शेवटी, वेळ उरला तर.

कामाच्या जागी जाऊन

रविवारी मुलांना जमवून खेळ, प्रार्थना आणि धर्मशिक्षण देणे हे ऑरेटरीचे काम. परंतु डॉन बॉस्को रविवारवर थांबले नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते स्वतः उठून कारखान्यांत आणि बांधकामांवर जात. परातींवर उभ्या असलेल्या, अंगभर चुना माखलेल्या मुलाला भेटायला एक धर्मगुरू येतो, त्याचे नाव घेऊन हाक मारतो, याने त्या मुलाची छाती फुगे. मालकांनाही ते आवडे. ज्या मुलाची चौकशी करणारे कुणीतरी आहे, त्याला कामावर ठेवणे त्यांना सोयीचे वाटू लागले.

परंतु केवळ गोड बोलण्याने मुलांचे भले होणार नाही हे डॉन बॉस्को जाणून होते. काही मालक शिकाऊ मुलांना मारीत, घरगड्यासारखे राबवीत, रविवारीही सोडत नसत आणि काम मात्र शिकवीत नसत. म्हणून त्यांनी लेखी करार करण्याची पद्धत सुरू केली. १८५१ आणि १८५२ सालचे असे करार आजही जतन केलेले आहेत. ८ फेब्रुवारी १८५२ रोजीचा करार जुझेप्पे बेर्तोलिनो नावाच्या सुतारमालकाशी, जुझेप्पे ओदास्सो या मुलासाठी झालेला आहे. मालकाने मुलाला धंदा शिकवायचा, चूक झाली तर शब्दांनी समजवायचे, हात उगारायचा नाही. धंद्याबाहेरची कामे सांगायची नाहीत. मजुरी ठरल्याप्रमाणे द्यायची आणि ती वाढवत न्यायची. सणावारी मोकळीक द्यायची. वर्षाकाठी पंधरा दिवसांची सुट्टी द्यायची. मुलानेही आज्ञाधारक राहून मन लावून काम करायचे. या कागदावर मालकाची, मुलाची, त्याच्या वडिलांची आणि डॉन बॉस्को यांची सही आहे. कामगार कायद्यांचा जेथे पत्ता नव्हता, त्या काळात एका धर्मगुरूने हे घडवून आणले.

येथे आम्हांला थांबावेसे वाटते. आपुलकी असली की कागदाची काय गरज, असे आपल्याकडे पुष्कळदा म्हटले जाते. घरच्यासारखा माणूस आहे म्हणून पगार ठरवला जात नाही, सुट्टी ठरवली जात नाही, आणि शेवटी घरचेपणाचा भार त्या गरिबावरच पडतो. डॉन बॉस्को यांचे प्रेम कुणाहूनही कमी नव्हते, तरीही त्यांनी प्रत्येक अट लिहून घेतली. दोन्ही बाजूंना आपापले कर्तव्य नेमके ठाऊक असले की संशयाला जागा उरत नाही.

१८५० साली त्यांनी ऑरेटरीतील कामकरी मुलांची परस्पर साहाय्य संस्था काढली. सभासदाने दर रविवारी एक सोल्दो एवढे लहान नाणे जमा करायचे आणि आजारी पडलेल्या किंवा काम सुटलेल्या सभासदाला त्यातून मदत मिळायची. मुलांनी एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकावे, हा त्यामागचा हेतू होता.

विश्वासाची किंमत

हा मार्ग फुलांचा नव्हता. मुलांच्या गोंगाटामुळे ऑरेटरीला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हुसकावले जात होते. शहराच्या अधिकाऱ्यांना हा जमाव धोकादायक वाटे. डॉन बॉस्को ज्यांच्या संस्थेत आत्मिक सेवेचे काम करीत, त्या मार्केझा बारोलो यांनी त्यांच्या प्रकृतीच्या काळजीने त्यांना मुले किंवा नोकरी यांतून एकाची निवड करायला सांगितले. त्यांनी मुले निवडली आणि बांधलेला पगार सोडला. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक ठेंगणी पडवी भाड्याने मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये अतिश्रमाने ते मरणाच्या दारी पोहोचले. तेव्हा उन्हातान्हात राबणाऱ्या त्या पोरांनी उपवास धरले, पाळीपाळीने पवित्र मरियेपुढे प्रार्थना केल्या. डॉन बॉस्को वाचले आणि आपले उरलेले आयुष्य या मुलांचेच आहे असे त्यांनी मानले.

नोव्हेंबर १८४६ मध्ये त्यांची वयोवृद्ध आई बेक्कीचे घर सोडून वाल्दोक्कोला आली. निराश्रित मुलांना रात्री आसरा द्यायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा पहिल्या पाहुण्यांनी चादरी-घोंगड्याच पळवून नेल्या. तरीही १८४७ साली पावसात भिजून आलेल्या एका अनाथ मुलाला या मायलेकरांनी दार उघडले. एकदा मुलांनी लुटुपुटीच्या लढाईत आईचा भाजीचा मळा तुडवला, तेव्हा ती माऊली थकून गावी परत जायला निघाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. ती थांबली, आणि १८५६ साली मरण येईपर्यंत तेथेच राहिली.

१८४८ च्या राजकीय धामधुमीत काही सहकारी त्यांना सोडून गेले, कारण मुलांना मिरवणुकांत उतरवायला त्यांनी नकार दिला. हे दुःख त्यांनी गिळले. मात्र या काळातून त्यांना एक धडा मिळाला. बाहेरून मोठी माणसे आणून कार्य टिकत नाही, हाताखाली वाढलेल्या मुलांमधूनच सहकारी घडवले पाहिजेत.

अर्धे तुझे, अर्धे माझे

मिकेले रुआ नावाचा एक शाळकरी मुलगा ऑरेटरीत येत असे. एके दिवशी मुलांना पदके वाटून संपल्यावर डॉन बॉस्को यांनी आपला डावा हात त्याच्यापुढे धरला आणि उजव्या हाताने तो अर्धा कापून देत असल्याचा अभिनय केला. मुलाला अर्थ कळला नाही. पुढे आपण दोघे सर्व काही अर्धे-अर्धे वाटून घेऊ, असा तो अर्थ असल्याचे त्यांनी नंतर सांगितले. १८८८ साली डॉन बॉस्को यांच्यामागे संस्थेची धुरा याच रुआंच्या खांद्यावर आली. जुझेप्पे बुत्झेत्ती हा सुरुवातीच्या दिवसांतला गवंड्याचा पोर आयुष्यभर त्यांच्या घरी राहून सेवा करीत राहिला. जोव्हान्नी कालियेरो याने १८७५ साली पहिल्या मिशनरी तुकडीचे अर्जेंटिनात नेतृत्व केले आणि पुढे तो कार्डिनल झाला.

१८५३ पासून वाल्दोक्कोमध्येच चांभारकाम आणि शिवणकाम यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. पाठोपाठ पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. शहरातील दुकानांत मुलांना मिळणारी वागणूक टाळणे हा त्यामागचा उद्देश. येथेही पहिल्या वर्षांत पगारी कारागीर-शिक्षकांशी खटके उडाले. डॉन बॉस्को यांनी निरनिराळ्या व्यवस्था करून पाहिल्या, चुकांतून शिकले आणि अखेर व्रतस्थ सालेशियन बंधूंच्या हाती कार्यशाळा सोपवल्या. १८ डिसेंबर १८५९ रोजी त्यांच्यासह अठरा जणांनी सालेशियन संस्थेचा पाया घातला. त्यांतील बहुतेक तरुण त्यांच्याच हाताखाली वाढलेले होते.

त्यांचा विश्वास किती खोल होता याची एक हकिगत चरित्रकारांनी नोंदवली आहे. १८५५ साली जेनेराला येथील सुधारगृहातील तीनशेहून अधिक मुलांना ते एक दिवस स्तुपिनीजी येथे सहलीला घेऊन गेले. सोबत एकही पहारेकरी नको, अशी त्यांची अट होती आणि मंत्री रात्ताझी यांनी ती कचरत मान्य केली. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा एकही मुलगा कमी नव्हता.

१८६३ साली त्यांनी सव्वीस वर्षांच्या रुआंना मिराबेल्लो येथील नव्या शाळेचे प्रमुख म्हणून पाठवले. सोबत सूचनांचे एक पत्र दिले. प्रमुखाने भीतीच्या आधी प्रेम मिळवावे, हे त्याचे सूत्र. पण आम्हांला त्यातील लहानसहान गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. शिक्षकांना अन्नवस्त्राची वाण पडू देऊ नये. त्यांच्या श्रमांची जाणीव ठेवावी. कुणी आजारी असेल तर लगेच बदली माणूस द्यावा. त्यांच्याशी एकेकट्याने आणि एकत्रही वारंवार बोलावे, कामाचा भार फार होत नाही ना, कपडे-पुस्तके आहेत ना, शरीराला किंवा मनाला काही त्रास नाही ना, हे पाहावे. किएरीच्या गुरुविद्यालयात ज्या तरुणाशी कुणी बोलत नव्हते, त्याने आपल्या पहिल्या प्रमुखाला दिलेली ही शिदोरी होती.

रोममधून आलेले पत्र

कार्य वाढत गेले. १८६८ साली वाल्दोक्कोत ख्रिस्ती जनांची साहाय्यकारी मरिया हिचे भव्य मंदिर उभे राहिले. १८७२ साली मारिया माझारेल्लो यांच्यासह धर्मभगिनींची संस्था निघाली. १८७७ साली डॉन बॉस्को यांनी आपल्या पद्धतीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तिचे तीन आधार. शिक्षा करण्याची वेळच येऊ नये इतके मुलांजवळ राहावे, हे तिचे सार.

आणि तरीही, १० मे १८८४ रोजी रोममध्ये असताना त्यांनी आपल्याच घराला एक व्यथित पत्र लिहिले. एका स्वप्नाच्या रूपात त्यांनी जुने आणि नवे वाल्दोक्को शेजारी शेजारी ठेवले. जुन्या घरात खेळाच्या वेळी धर्मगुरू मुलांत मिसळून धावत, गाणी गात, आनंद होता. नव्या घरात मुले कंटाळलेली, कोपऱ्यात कुजबुजणारी, आणि वरिष्ठ दूर उभे राहून लक्ष ठेवणारे. हे वरिष्ठ आळशी नव्हते. ते मुलांसाठी झिजत होते. मग उणे कशाचे होते? मुलांवर प्रेम होते, पण ते मुलांना जाणवत नव्हते, असे उत्तर त्या पत्रात आहे. सहवासातून प्रेम जाणवते आणि प्रेम जाणवले की विश्वास येतो. सहवास तुटला की मधे भिंत उभी राहते. वडील, भाऊ, मित्र असलेला माणूस मग नुसता वरिष्ठ उरतो.

जे किएरीमध्ये त्यांनी सोसले होते, तेच आता त्यांच्याच घरात शिरू पाहत होते. कुणाच्या वाईट हेतूमुळे नव्हे. घर मोठे झाले होते, कामे वाढली होती, नियम वाढले होते. थकलेल्या, जवळजवळ अंध झालेल्या त्या संताने दोष मुलांना दिला नाही. वरिष्ठांनी पुन्हा अंगणात उतरावे, एवढेच मागितले. हे मागणे पोकळ नव्हते, कारण ते स्वतः शेवटपर्यंत तसेच वागत होते. १८८३ साली त्यांना भेटायला आलेल्या आकिल्ले रात्ती नावाच्या तरुण धर्मगुरूने त्यांना निरनिराळ्या घरांच्या प्रमुखांनी वेढलेले पाहिले होते. प्रत्येकजण आपली अडचण सांगत होता आणि प्रत्येकाला उत्तर मिळत होते. हेच रात्ती पुढे पोप पायस अकरावे झाले आणि १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्यांनीच डॉन बॉस्को यांना संतपद बहाल केले.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्को प्रभूकडे गेले. तेव्हा संस्थेचे सातशेहून अधिक सभासद होते. १९०६ साली सालेशियन धर्मगुरू तंजावरला आले, १९२८ साली मुंबईत आले. माटुंग्याचे डॉन बॉस्को आणि तेथील मरियेचे मंदिर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. तेथे धंदेशिक्षण घेऊन संसार उभे केलेली माणसे आपल्या धर्मग्रामांतही आहेत.

बंधुभगिनींनो, आपण या संताच्या नावाने नोव्हेना करतो, मुलांसाठी आशीर्वाद मागतो. ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी या सणाला स्वतःला काही प्रश्न विचारावेत असे आम्हांला वाटते. आपल्या कामगाराशी आपण शेवटचे केव्हा बोललो, आणि ते केवळ चूक दाखवण्यासाठी होते का? त्याचा पगार, त्याची सुट्टी त्याला स्पष्ट ठाऊक आहे का? त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे आपल्याला माहीत आहे का? आपले प्रेम असेलही, पण ते त्याला कळले आहे का? डॉन बॉस्को यांनी आपल्या घराला विचारलेला हा अखेरचा प्रश्न आपल्या घरांना, दुकानांना, शाळांना आणि आपल्या चर्चच्या कचेरीलाही लागू आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. उद्या सकाळी कामावर पोहोचल्यावर, आपल्या खुर्चीत बसण्यापूर्वी, एकाला नावाने हाक मारून त्याची विचारपूस करावी. गारेल्लीच्या बाबतीतही सुरुवात एवढ्यानेच झाली होती.